एका कागदावर दोघी

सुभद्राबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी हाताकडे. मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर कुणी नवी बाई आली की तिला नाव-गाव काही विचारायच्या नाहीत. "आन हात इकडं," म्हणायच्या आणि बाजारात वांगं दाबून बघावं तशी तिच्या बोटांची पेरं एकेक करून दाबायच्या. "हे जुनं हाय. हे मातर परवाचंच दिसतंय." मग तो हात उचलून परत तिच्या मांडीवर नेऊन ठेवायच्या, उसना आणलेला असावा तसा.

नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत. मी दोन वर्षं त्यांच्या लेखी "मधलं बोट" होते. माझं उजव्या हाताचं मधलं बोट वाकलंय ना, म्हणून. माझं नाव कुसुम आहे हे मी त्यांना पाच-सहा वेळा तरी सांगितलं असेल. "व्हय व्हय, कुसुमताई," म्हणायच्या आणि पुढच्या मंगळवारी फाटकातूनच हाक, "मधलं बोट आलं का गं? तिची पिशवी ठिवलीय मी सतरा नंबरला."

पिशवीचं सांगते. आमचा दवाखाना ट्रस्टचा, भोसरीच्या पुढं. नाव कशाला हवंय. संधिवाताचे डॉक्टर मंगळवारीच बसतात. केसपेपरची खिडकी आठला उघडते, पण बाया सहापासून येऊन बसतात, कुणी चाकणहून, कुणी राजगुरुनगरहून, मी आपली दिघीची म्हणजे जवळचीच. ज्यांचे हातपाय सकाळी लाकडासारखे असतात त्यांनीच पहाटे उठून रांग धरायची, हा कुठला न्याय ते मला अजून कळलेलं नाही. उभं कुणालाच राहवत नाही. म्हणून रांगेत बाया नसतात, पिशव्या असतात. आणि त्या पिशव्यांच्या मुकादम सुभद्राबाई. कुणी पुरुष आपली पिशवी हळूच पुढं सरकवायला लागला की त्या बसल्या जागेवरून म्हणायच्या, "भाऊ, गुडघा दुखतोय ना तुमचा? मग वाकता कशाला एवढं?" पिशवी जागेवर.

परभणीकडच्या त्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडं आल्या, नवरा गेला, मुलगा कंपनीत लागला, चिखलीला दोन खोल्या. यापलीकडं त्यांचं चरित्र मला माहीत नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. पण दुखऱ्या हातानं संसार कसा काढायचा हे जे मला आज येतं ते सगळं त्यांचं. बाटलीचं झाकण दाराच्या फटीत धरून बाटली फिरवायची. किल्लीच्या भोकात चमच्याचा दांडा घालून कुलूप उघडायचं. चहाचा कप कानाला धरून उचलायचा नाही, दोन्ही तळव्यांत घ्यायचा, प्रसादासारखा. "हाताला कळू न देता काम काढायचं," म्हणायच्या. "कळलं की ते रडतंय."

आता आमच्या गोळ्यांबद्दल दोन शब्द सांगावे लागतील, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. आम्हाला बारीक पिवळ्या गोळ्या असतात. रोजच्या नाहीत, आठवड्यातून एकदाच. आपला एक वार ठरवायचा आणि त्या वारी सगळ्या एकदम घ्यायच्या. मला पाच, सुभद्राबाईंना सहा. गोळी गुणाची आहे, पण दुसऱ्या दिवशी फार मळमळतं. शिजत्या भाताचा वाससुद्धा नको होतो. म्हणून जो तो सोयीचा वार बघतो. मी शुक्रवारी घ्यायचे. सुभद्राबाई बुधवारी.

"बुधवार का हो?" मी एकदा विचारलं.

"बेस्तरवारी सुट्टी असती ना."

गुरुवारी आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी असते, इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण सुभद्राबाई कुठं कंपनीत जातात?

"सुट्टी कुणाला?" मी म्हटलं.

"पोराला," म्हणाल्या, आणि नसलेली माशी हाकलली.

मुलाच्या सुट्टीचा आणि आईच्या मळमळीचा काय संबंध? मी म्हटलं, असेल, मुलगा त्या दिवशी स्वयंपाक करत असेल. घरी येऊन हे लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू अजून कुठल्या जगात आहेस?" मुलगे भाकरी थापतात यावर तिचा विश्वास नाही. पण विषय तिथंच संपला.

मग तो अंगठ्याचा किस्सा झाला. आमच्याकडं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत एक जण तपासायला आणि एक जण पुढच्या स्टुलावर, अशी पद्धत. त्या दिवशी स्टुलावर मी होते. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, "काकू, जास्त त्रास कुठं होतो?"

"अंगठ्याच्या बुडाला," सुभद्राबाई म्हणाल्या. "कनेक्टर दाबताना कळ येती बगा. एका शिफ्टला शेकड्यानं दाबावं लागतेत, वरून लाइन थांबू द्यायची न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही कंपनीत जाता? या वयात?"

सुभद्राबाईंचं तोंड जरा उघडंच राहिलं. मग म्हणाल्या, "म्या कशाला जाऊ. सून सांगत असती. तेच तोंडात बसलंय."

"पण तुमच्या अंगठ्याला सूज नाहीये. सूज तर मनगटाला आहे."

"दुखणं फिरतंय माय माझं."

बाहेर आल्यावर मी पोट धरून हसले. "सुभद्राबाई, शिफ्ट कधीपासून करायला लागलात?" त्या हसल्या नाहीत. हसणारी बाई ती, पण त्या दिवशी हसली नाही. मला वाटलं, मी जास्त बोलले.

त्याच महिन्यात त्यांच्या गोळ्या वाढवल्या. सूज उतरत नाही म्हणून सहाच्या आठ. आमच्यातल्या कुणाच्या गोळ्या वाढल्या की ती बाई तोंड पाडून बाहेर येते. ह्यांनी बाहेर येऊन सगळ्यांना चहा सांगितला. "वाढवल्या," म्हणाल्या, "बरं झालं." मी चहा प्यायले. चहा पिताना माणूस विचार करत नाही.

एका मंगळवारी केतकी आली. औषधशास्त्र शिकणारी मुलगी, वरच्या पदवीसाठी तिला अभ्यास करायचा होता. संधिवाताची माणसं औषध सांगितल्याप्रमाणं घेतात का, हे मोजायचं. घरी येऊन गोळ्या नाही मोजायच्या, प्रश्न विचारून मोजायचं. ते प्रश्न मूळचे बाहेरदेशातले, इंग्रजी. कुणी तरी त्यांचं मराठी केलं होतं आणि ते मराठी आपल्या माणसांना कळतंय का, हे आधी तपासायला तिला सहा बाया हव्या होत्या. प्रत्येक प्रश्न ती वाचणार आणि आपण सांगायचं, की आपल्याला काय समजलं. मग आमचं सुधारलेलं मराठी भलताच कुणी तरी परत इंग्रजीत करणार आणि जुन्याशी जुळतंय का बघणार.

"म्हणजे शिवलेलं उसवून बगायचं, माप बरोबर हाय का," सुभद्राबाई म्हणाल्या.

केतकीनं लगेच वही उघडली. "हो काकू. अगदी तेच." आणि पहिल्या बाईचं नाव ठरलं.

व्यायामाच्या खोलीमागं एक अडगळीची खोली आहे, तिथं आम्ही बसायचो. चहा-बिस्किटं तिच्याकडून. केतकीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "कागदावर तुमचं नाव लिहिणार नाही. काय ते मोकळेपणानं बोला."

"नाव न्हाई लिवलं तरी तोंड दिसायलंय की," सुभद्राबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

पहिला प्रश्न मला अजून पाठ आहे. 'विहित औषधयोजनेचे अनुपालन करण्याबाबत मी दक्ष असते.' एकीनं पदरानं तोंड पुसलं. सुभद्राबाई म्हणाल्या, "हे कुणाच्या सत्काराचं भाषण हाय?"

केतकी चांगली मुलगी. तिनं कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "मग कसं विचारू?"

"डॉक्टरनं सांगितलं तसं घेतीस का. झालं."

दुसरा प्रश्न, प्रवासाला जाताना औषधं सोबत नेता का. राजगुरुनगरची एक बाई म्हणाली, "कुठला परवास गं बाई, घर ते दवाखाना." सुभद्राबाई म्हणाल्या, "गावाकडं मयतीला जाताना गोळ्या न्हेता का, असं इचार. तवाच ऱ्हातेत." केतकीनं ते लिहून घेतलं. तिसरा, औषध घ्यायला विसरता का. "इसरत कुणी न्हाई," सुभद्राबाई म्हणाल्या, "दुखणं इसरू देतंय व्हय? न घेणं निराळं. दुसऱ्या दिशी घरात कार्य असलं तर कोण घेईल? मळमळत्या तोंडानं पाव्हण्याला वाढायचं कसं?" म्हणजे बघा, त्या इंग्रजी कागदात विसरणं आणि न घेणं एकाच पोत्यात भरलं होतं, ते या बाईनं वेगळं काढून दिलं. शाळा किती, तर दुसरी.

चार-पाच मंगळवार हे चाललं. केतकीचं सुभद्राबाईंशिवाय पान हलेना. त्या आत डॉक्टरांकडं असल्या तर ती आम्हाला बिस्किटं देऊन थांबवायची. सुभद्राबाई तिला "प्रश्नवाली" म्हणायच्या. त्या जुळवाजुळवीत केतकीनं एकदा आम्हा सहा जणींकडून कागद भरूनही घेतला, सराव म्हणून. प्रत्येक प्रश्नापुढं चार खुणा, अजिबात पटत नाही पासून पूर्ण पटतं पर्यंत. मी तीन ठिकाणी खरं लिहिलं, की बाबा राहतात माझ्या गोळ्या. सुभद्राबाईंनी सगळीकडं 'पूर्ण पटतं'. वेळेवर घेते, सगळ्या घेते, कधी सोडत नाही. केतकीनं बेरीज केली आणि कौतुकानं म्हणाली, "काकू, पैकीच्या पैकी." आणि त्याच कौतुकात तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं, की या काकूंसारखं नेमानं औषध घेणारं कुणी नाही. पोरीचा काय दोष.

पुढच्या मंगळवारी सुभद्राबाई तपासून बाहेर आल्या त्या सरळ चहाच्या टपरीमागच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. पिशवी आतच राहिली होती. मी ती घेऊन मागनं गेले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणल्या, आठ गोळ्या इतक्या नेमानं घेऊन सूज उतरंना, म्हणजे गोळी तुम्हाला लागू पडत न्हाई. हेच औषध सुईतनं देऊ. दर आठवड्याला इथं यायचं, टोचून जायचं. गोळ्या बंद."

"मग चांगलंच आहे की. मळमळ कमी होते म्हणतात सुईनं."

त्या माझ्या बोटाकडं बघत होत्या. "ताई," म्हणाल्या, "सुई अर्धी करता येत न्हाई."

"अर्धी कशाला करायची?"

"शपथ घे. माझ्या गळ्याची."

मी घेतली. आता वाटतं, आधी ऐकायला पाहिजे होतं. शपथेनं बाईनं मला आत घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

सून, आरती. लग्नाला दीड वर्ष झालेलं. चाकणला गाड्यांच्या वायरी जोडायच्या कंपनीत कंत्राटावर. एका सकाळी तिला डब्याचं झाकण लावता येईना. ती म्हणाली, रात्री हात अंगाखाली आला असेल. सुभद्राबाईंनी तिचा हात घेतला, दाबून बघितला. "ताई, माझाच हात की गं तो. तीस वर्षांमागला."

"दवाखान्यात का नाही आणलं तिला?"

"मंगळवारी खाडा कसा करायचा तिनं? सुट्टी बेस्तरवारी. आन विम्याच्या दवाखान्यात गेलं तर कागद कंपनीला कळतो, असं तिच्या लाइनीतल्या पोरी म्हणतेत. सहा महिन्याला कंत्राट नवं करताना एकेकीला उभं करतेत, हातात वायरीचा जुडगा, समोर घड्याळ. जिची बोटं चालंनात तिचं कार्ड काढून घेतेत. ती माझ्या पायाला हात लावून म्हणली, आत्याबाई, ह्यांनाबी सांगू नका. मग मी म्हणलं, माझ्या सहा हायत. तीन तू खा."

एवढंच होतं बघा. बुधवार का, ते कळलं. अंगठा कुणाचा, ते कळलं. डॉक्टरांपुढं ही बाई दर महिन्याला दोघींचं दुखणं एकाच कागदावर सांगत होती. आठ झाल्या तेव्हा चार-चार.

"पण का?" मी म्हटलं. "तुमचं काय होणार?"

"माझ्यापासनंच लागलंय तिला ते. आमचं रक्ताचं नातं न्हाई, तिच्या माहेरी कुणाला न्हाई. मग आलं कुठनं? एका परातीत कणीक मळायलोत दोघी. मीच तिचा हात धरून भाकरी थापायला शिकवली." हे त्यांनी असं सांगितलं, की जणू पोलिसात जबाब देत होत्या.

आणि तेव्हा मला ती मुलगी आठवली. आमच्यात एक तरुण मुलगी येते, तिला सिस्टर दर वेळी विचारते, पाळी कधी आली. मी एकदा म्हटलं, ही काय चौकशी. तर सिस्टर म्हणाली होती, आजी, या गोळ्या चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नसतात. बंद केल्यावरसुद्धा डॉक्टर सांगतील तितके महिने थांबायचं. बाळाला धोका असतो.

सांगावं की नाही? माझ्या मनात एवढंसं आलं, की नको, आधीच ही बाई खचलीय. पण न सांगून कसं चालेल. सांगितलं.

टपरीवाल्यानं दोन कप आणून ठेवले, ते तसेच राहिले. मग सुभद्राबाई म्हणाल्या, "मी दर सोमवारी महादेवाला जायलेय. लेकरू दे म्हणून."

मी एक कप त्यांच्याकडं सरकवला.

"बंद करावं तर हात जातेत. हात गेले की काम जातंय. सांगावं तर पोरगा म्हणणार, आईनं माझ्या बायकोला इख चारलं. न सांगावं तर..." त्यांनी माझा हात धरला. "मधलं बोट," म्हणाल्या, त्या दिवशीही कुसुम आठवलं नाही, "तू कुणाला बोलायची न्हाईस."

तो आठवडा माझा कसा गेला ते मी सांगत नाही. मी तिऱ्हाईत. पण एकदा कळलेलं परत न कळलेलं करता येत नाही. आरती कशी दिसते मला माहीत नव्हतं, तरी रस्त्यात कंपनीची बस दिसली की मी खिडक्यांकडं बघायचे.

पुढच्या मंगळवारी मी सहालाच गेले. सुभद्राबाई आधीच आलेल्या, पिशव्यांकडं लक्ष नाही, रांग विस्कटलेली. मी विचारायच्या आत म्हणाल्या, "बुधवारी तिला ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्याबी पिवळ्याच असतेत ना. तिला काय कळतंय." मग खाली बघून, "बेस्तरवारी ती म्हणली, आत्याबाई, आज मळमळलं न्हाई, आता मला सोसायला लागली वाटतं गोळी. इतकी खूश. दिवसभर खोल्या धुतल्या तिनं. असे किती बुधवार करू मी?"

त्या दिवशी केतकीची शेवटची बैठक होती. कागद पक्का झाला होता, एकदा सगळा वाचून दाखवायचा आणि छापायला द्यायचा. सुईचा पहिला दिवसही तोच. बैठक आधी, सुई नंतर. केतकी वाचत गेली. आमचेच शब्द, ऐकायला गंमत वाटत होती. मयतीचा प्रश्न आला तेव्हा राजगुरुनगरची बाई हसली. सगळं वाचून झाल्यावर केतकीनं विचारलं, "काही राहिलंय का?"

"एक राहिलंय," सुभद्राबाई म्हणाल्या.

"कोणतं काकू?"

"तुझ्या गोळ्या तू एकटीच खातीस का. हे इचारलेलंच न्हाई कुठं."

केतकी हसली. "काकू, आपलं औषध दुसऱ्याला कोण देईल?"

कुणी हसलं नाही. राजगुरुनगरची बाई बिस्किटाच्या पुड्याचा कागद घडी घालायला लागली. दुसरी एक खिडकीबाहेर बघत होती. केतकी एकेकीकडं बघत गेली आणि तिचं हसू गेलं. तेव्हा मला कळलं, की या खोलीत मी समजत होते तशी ही एकटी नाही. कुणी बहिणीला देत असेल, कुणी नवऱ्याला.

"लिव," सुभद्राबाई म्हणाल्या. केतकीनं पेन काढलं आणि कागदाच्या खाली, जिथं आभार छापायचे होते तिथं, तो प्रश्न लिहिला. वाचून दाखवला.

"बरोबर. आता मला इचार."

"तुम्हाला?"

"सगळे प्रश्न आधी आम्हाला इचारलेस ना? मग हाबी इचार."

केतकीनं विचारलं. आवाज बारीक झाला होता तिचा. "तुमच्या गोळ्या तुम्ही एकट्याच खाता का?"

"न्हाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "निम्म्या सुनेला देते. आठ महिने झाले."

केतकीचं पेन हवेतच राहिलं. बिचारीनं शिकल्याप्रमाणं केलं, म्हणाली, "काकू, मी सांगितलं होतं ना, नाव लिहिणार नाही. तुम्ही इथं बोललेलं बाहेर जाणार नाही." तीही अडकली बघा, स्वतःच्याच शब्दात.

"जाऊ दे बाहेर. त्यासाठीच बोलायलेय. माझं नको लिवू, तिचं लिव. आरती. वय चोवीस. आन मला घेऊन डॉक्टरीणबाईकडं चल. मला एकटीला तिथवर जाववणार न्हाई."

केतकी उठली. सुभद्राबाईंनी तिचा दंड धरला. आम्ही पाच जणी तिथंच बसून राहिलो. चहा निवून गेला. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

आत काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुभद्राबाईंचं म्हणणं. त्यांनी सुई राहू दे म्हटलं आणि सुनेला आणा म्हटलं. दुसऱ्या मंगळवारी आरतीनं खाडा केला. आली ती तोंडाला ओढणी बांधून, उन्हात बांधतात तशी, आणि आतसुद्धा सोडेना. तपासण्या झाल्या. दिवस गेलेले नव्हते. रक्त ठीक होतं. एवढं नशीब. तिला तिचा स्वतःचा केसपेपर मिळाला. पिवळी गोळी बंद. लेकरू हवं असेल तर चालेल असं दुसरं औषध दिलं, पण ते सावकाश गुण देतं, दोन-तीन महिने कळ काढा म्हणाल्या. मुलालाही सांगावं लागलं. तो आईशी आठ दिवस बोलला नाही, मग बोलायला लागला, जेवढ्यास तेवढं.

सुभद्राबाईंनी डॉक्टरीणबाईंना तेही विचारलं होतं, माझ्या हातानं लागलं का तिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे लागत नाही काकू, परातीतून नाही आणि कशातूनच नाही. मला सांगताना सुभद्राबाई म्हणाल्या, "त्या तसंच म्हणणार. चांगल्या हायत त्या." परात मात्र त्यांनी वेगळी केली.

आणि आता आठच्या आठ गोळ्या त्या एकट्या खात होत्या. महिन्या-दीड महिन्यात त्यांची सूज उतरायला लागली. मी एकदा म्हटलं, "आणा हात इकडं." त्यांनी दिला नाही. "घरात दोघीजणी आहोत," म्हणाल्या, "एकीची बोटं सकाळी वळंनात आन दुसरीची रोज सरळ व्हायलीत. कसं दिसतंय ते? कंत्राट पुढच्या महिन्यात हाय तिचं." नंतर त्यांना तीन महिन्यांनी बोलवायला लागले, आमच्या तारखा जुळेनात, आणि मंगळवारची पायरी सुटली. पिशव्यांची रांग आता कुणीही कशीही लावतं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं, आरतीच्या कंत्राटाच्या त्याच महिन्यात. लेकीकडं चिखलीला मुक्कामाला होते. सकाळी सहाच्या सुमाराला रिक्षासाठी चौकात आले तर पलीकडच्या बाजूला, कंपनीच्या बस थांबतात तिथं, त्या दोघी. आरती पहिल्यांदाच मी उघड्या तोंडानं बघितली. केवढीशी आहे. निळा एप्रन घातलेला, डबा काखेत, हात दोन्ही पुढं धरलेले, ओले असावेत तसे. तिच्या कंपनीच्या जड बुटाची लेस सुटली होती. सुभद्राबाई फूटपाथच्या कडेला बसल्या, तिचा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला आणि लेस ओवायला लागल्या, खालपासून वरपर्यंत, एकेक भोक. मला आता हात बघायची सवय लागली आहे. ती बोटं झरझर चालत होती. गाठ मारून त्यांनी दोन्ही टोकं ताणून बघितली. मग उठून तिच्या एप्रनची वरची दोन बटणं लावली. आरती तेवढा वेळ दुसरीकडं बघत उभी होती.

बस आली. आरतीनं दांडी हातानं धरली नाही, कोपर अडकवलं आणि वर चढली. आत गेल्यावर खिडकीतून ती दिसली नाही.

मी हाक मारणार होते, रस्ता ओलांडणार होते. पण बस गेल्यावर सुभद्राबाई पुन्हा त्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात समोर धरले. बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. पुरी मूठ वळत होती. मग त्यांनी इकडं-तिकडं बघितलं, कुणी बघत नाही ना म्हणून, आणि हात पदराखाली घेतले.